फाउंड्रीसाठी सॉफ्टवेअर घ्यायचंय. व्यवस्थापनाच्या संशोधनात आमच्यासारख्यांच्या कामाचं काही आहे का?

भट्टीवाला

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे. ग्रे आयर्न, थोडं एसजी आयर्न, हे ओतीव लोखंडाचे प्रकार. पंप-व्हॉल्व्हच्या बॉड्या आणि ट्रॅक्टरचे काही पार्ट. आजोबांच्या वेळी कुपोला (कोकवरची भट्टी) होता, आता इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी) आहे. बाकी कामाची पद्धत फारशी बदललेली नाही.

एका मोठ्या गिऱ्हाइकाची दिवाळीपासून भुणभुण चाललीय. प्रत्येक कास्टिंगवर (ओतलेल्या तुकड्यावर) हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या कुठल्या घाण्यातला माल तो नंबर, हवा, आणि तो नंबर टाकला की त्या हीटची केमिस्ट्री, सँडचे रिपोर्ट, ओतणारा कोण, सगळं एका जागी दिसलं पाहिजे. वर नव्या पार्टला कास्टिंग सिम्युलेशन (ओतकाम आधी कॉम्प्युटरवर) करून द्या म्हणतात. पुतण्या एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचं म्हणणं, ईआरपी (सगळ्या कारखान्याच्या नोंदी एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि सिम्युलेशन दोन्ही एकदमच घेऊन टाकूया. बाबांचं म्हणणं, रजिस्टर आहे की, त्यात काय कमी आहे? विक्रेता म्हणतो, तीन महिन्यांत सगळं सुरू.

पैसे कर्जाचे आहेत, म्हणून विचारतोय. टोयोटानं काय केलं ते भाषणांतून पुष्कळ ऐकलंय. घरचेच तीन-चार जण मिळून चालवतात अशा कारखान्यांचा कुणी शिस्तीत अभ्यास केलाय का? आणि पुतण्याला त्याचा एमबीएचा प्रोजेक्ट आमच्याकडेच करू द्यावा का?

कवलारू

विक्रेता तीन महिने म्हणाला ना? मग पुढचा गणपती धरा. खानापुरातून वाचतोय, चालू द्या.

निवृत्त मास्तर

भट्टीवाले, तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळ जाणारा एक अभ्यास आहे आणि तो तारापूर-उंबरगावचा आहे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून तिथल्या सुती कापडाच्या कारखान्यांत प्रयोग केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. १७ कंपन्या, २८ प्लांट, सगळ्या घरच्या मालकीच्या. कुणाला मदत द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. एक महिना तपासणी दोन्ही गटांची केली. निवडलेल्यांकडे मात्र सल्लागार आणखी चार महिने थांबले आणि नव्या पद्धती प्रत्यक्ष बसवून दिल्या. मालकाला खर्च शून्य.

पद्धती ३८ होत्या आणि वाचायला बसलात तर हसू येईल, इतक्या साध्या. माग कधी बंद पडला आणि का पडला ते लिहा. कापडातल्या दोषांची नोंद ठेवा आणि ती रोज कुणीतरी बघा. सुताच्या पोत्यांवर लेबल लावा, म्हणजे आहे तेच सूत पुन्हा विकत घेतलं जाणार नाही. हत्यारं जागेवर ठेवा. एवढ्यावर पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

इतकं सोपं होतं तर आधी का केलं नाही? संशोधकांनी हेही शोधलं. काही मालकांना अशा पद्धती असतात हेच ठाऊक नव्हतं. बऱ्याच जणांना ठाऊक होतं, पण आपला धंदा नफ्यात आहे, आपला माल इतरांपेक्षा वाईट नाही, मग आपल्याला कशाला, असं वाटत होतं. इथे मला तुमचे बाबा आठवले, राग मानू नका.

पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. हीच मंडळी २०१७ साली पुन्हा त्याच कारखान्यांत गेली. बसवून दिलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. कारणं विचारली तर मुख्य दोन निघाली: ज्या मॅनेजरनं शिकून घेतलं तो सोडून गेला, आणि मालकाला त्यात लक्ष घालायला वेळ उरला नाही. तरीही मदत न मिळालेल्यांपेक्षा हे कारखाने बरेच पुढे होते, आणि त्याच मालकांच्या दुसऱ्या प्लांटमध्येही काही पद्धती आपसूक पोचल्या होत्या.

तेव्हा तुमचा पुतण्या उद्या पुण्याला नोकरीला गेला तर ईआरपी कोण चालवणार, हे कर्जाच्या अर्जाआधी ठरवा.

गणिती चिकोडीकर

सर, १७ कंपन्यांवरून एवढं बोलायचं? आमच्याकडे बीएस्सीचा पोरगासुद्धा नमुना लहान म्हणून हाणून पाडेल.

निवृत्त मास्तर

लहान आहे खरा. त्यांनी त्यावर उपाय म्हणून प्रत्येक प्लांटचे आठवड्याआठवड्याचे आकडे दीर्घकाळ गोळा केले. तुमच्या आक्षेपापेक्षा मोठा आक्षेप मीच देतो. त्या कंपन्या सरासरी अडीचशेच्या वर कामगारांच्या होत्या, भट्टीवाल्यांच्या कितीतरी पट. आणि त्या सल्ल्याची बाजारभावानं किंमत प्लांटमागे अडीच लाख डॉलर. उद्यमबागेत एवढे पैसे सल्ल्यावर कोण घालतो? म्हणून १७ टक्के हा आकडा उचलून बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टात टाकू नका. दिशा घ्या.

वडगावकर

मास्तरांनी त्या अभ्यासातली एक गोष्ट गाळली. कंपनी किती वाढणार हे धंद्यातल्या हुशारीपेक्षा घरात कर्ते पुरुष किती यावर ठरत होतं. बाहेरच्या माणसाच्या हातात माल आणि पैसा द्यायला मालक तयार नाहीत, चोरी झाली तर कोर्टात निकाल लागेपर्यंत जन्म जातो. म्हणून जेवढे भाऊ-मुलगे तेवढे प्लांट.

आमच्या वडगाव-खासबागेत, शहापुरात हे कुणी संशोधन न करता सांगेल. माझ्या नात्यातच एकांनी मुलगा नाही म्हणून चालते पॉवरलूम विकले. मुलगी बीकॉम, दुसऱ्याच्या पेढीवर जीएसटीचे रिटर्न भरते. तिला बसवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. भट्टीवाले, तुमच्या 'घरच्या तीन-चार जणां'त बायका किती आहेत हे विचारलं तर चालेल का?

भट्टीवाला

चालेल. हिशेब आणि बँक वहिनीच बघतात, सगळ्यात नीट काम तेच आहे. शॉपवर मात्र त्या येत नाहीत. मुद्दा टोचला.

सँडमिक्सर

मी मच्छेच्या बाजूला बरीच वर्षं शिफ्ट सुपरवायझर होतो. मोठी मोठी नावं मला नको. मालक, तुमच्या रजिस्टरात पोरं काय लिहितात ते कधी बघितलासा काय वो?

रिजेक्शनच्या खान्यात महिनाभर ब्लो (वायूचं भोक), ब्लो, ब्लो एवढंच असतंय. सगळेच ब्लो असतात होय? सँड इन्क्लुजन (मालात वाळू) लिहिलं की मोल्डरचे, म्हणजे साचा करणाऱ्याचे, त्या बॉक्सचे (साच्याच्या पेटीचे) पैसे कापतात. कोल्ड शट (धातू आत नीट न जुळणं) लिहिलं की ओतणाऱ्याला शिव्या. ब्लो लिहिलं की मोल्डिंगवाला म्हणतोय मेटल खराब, मेल्टिंगवाला म्हणतोय सँड ओली, आणि कोअरवाला (साच्यातला वाळूचा गाभा करणारा) गप्प बसतोय. कुणाचेच पैसे जात नाहीत, सगळे खूश. हीटचं रजिस्टर तर संध्याकाळी एका बैठकीत भरतात. एक पेन, एक अक्षर, दिवसभराच्या सगळ्या हीटना टेंपरेचर १४२०. भट्टी काय घड्याळ आहे?

सॉफ्टवेअर आणलासा तर हेच कॉम्प्युटरवर भरतील. फरक एवढाच की मग ते खरं वाटाय लागतंय.

कवलारू

मामा, शेवटच्या ओळीला दंडवत.

निपाणीकरीण

मी एका कॉलेजात एमबीएला शिकवते. मामांनी जे सांगितलं त्यावर एक फार सुंदर अभ्यास आहे, आणि तो पाकिस्तानातल्या सियालकोटचा आहे. हाताने शिवलेल्या फुटबॉलसाठी ते गाव जगभर प्रसिद्ध. फुटबॉलचे पंचकोनी तुकडे रेक्झिनमधून डाय (कापायचा धारदार साचा) दाबून कापतात. डेव्हिड अ‍ॅटकिन आणि इतर संशोधकांनी नव्या डायमध्ये तुकड्यांची मांडणी अशी बसवली की त्याच रेक्झिनमधून जास्त पंचकोन निघावेत. डाय स्वस्त, बचत उघड दिसणारी. २०१२ साली ३५ कारखान्यांना ती डाय फुकट वाटली. पंधरा महिन्यांनी जाऊन बघतात तर वापरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके!

कारण काय? कापणाऱ्याला मजुरी नगावर. नवी डाय सुरुवातीला हाताला बसत नाही, वेग कमी होतो, म्हणजे मजुरी त्याची बुडते. वाचलेलं रेक्झिन मालकाचं. मग तो मालकाला सांगतो, साहेब, ही डाय काही कामाची नाही. आणि मालक त्याचं ऐकतो, कारण डाय त्यानं स्वतः कधी दाबलेली नसते.

मग संशोधकांनी काही कारखान्यांत कापणाऱ्याला आणि छपाईवाल्याला सांगितलं की नवी पद्धत जमते असं करून दाखवा, साधारण महिन्याच्या मजुरीएवढी रक्कम एकदाच मिळेल. तेवढ्यानं डाय वापरणारे लक्षणीय वाढले. मालकाच्या फायद्याच्या मानानं ही रक्कम किरकोळ होती, तरी मालकांनी ती स्वतःहून दिली नव्हती. २०१७ साली हा निबंध आला. मी वर्गात दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी एखादा विद्यार्थी म्हणतो, 'मॅडम, कामगारांना शिस्त नाही.' तेव्हा मी त्याला विचारते, तू स्वतः पगार कमी करून घेऊन नवं सॉफ्टवेअर शिकशील का?

तुमचे मोल्डर बॉक्सवर आहेत, भट्टीवाले?

भट्टीवाला

हो, मोल्डिंग बॉक्सवर, फेटलिंग (ओतलेला माल घासून साफ करणं) किलोवर. मेल्टिंगवाले तेवढे पगारी.

आज मागच्या महिन्याचं रजिस्टर काढून बसलो. मामा म्हणतात तसंच. एका पानावर वरच्या ओळीत 'ब्लो' आणि खाली पानभर डिट्टोच्या खुणा. ज्या दिवशी एका व्हॉल्व्ह बॉडीचा कोअर सरकून अख्खा लॉट गेला होता, तो दिवस मला पक्का आठवतो, त्या दिवशीही ब्लो. बाबांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, 'म्हणून तर मी ते वाचत नाही. फेटलिंगला जाऊन उभा राहतो.' आता या माणसाशी कसं भांडायचं सांगा.

शिरोलीकर

कोल्हापूरहून लिहितोय, आमच्याकडे सिम्युलेशन आहे. उपयोग नक्की होतो. रायझर (जादा धातूचा साठा) कुठे, केवढा, श्रिंकेज (थंड होताना आकसून पडणारी पोकळी) कुठे येणार हे पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करायच्या आधीच दिसतं. पण त्याला ओतण्याचं खरं टेंपरेचर, मेटलची खरी केमिस्ट्री आणि सँडचे खरे आकडे द्यावे लागतात. तुम्ही त्याला रोज १४२० द्याल तर ते रोज १४२० वरचं रंगीत चित्र काढून देईल. सुरुवातीला लायसन्स घेऊ नका. पार्टमागे पैसे घेऊन करून देणारे आहेत. दोन-तीन त्रासदायक पार्ट त्यांच्याकडून करून घ्या, चित्र आणि खरं कास्टिंग शेजारी ठेवून कापून बघा.

तीन महिन्यांबद्दल: डॅनियल काहनेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचाच एक किस्सा आहे. निर्णय कसे घ्यावेत यावर शाळेसाठी पाठ्यपुस्तक करायला त्यांची समिती बसली. सगळ्यांनी अंदाज दिला दीड ते अडीच वर्षं. त्यांच्यातल्याच एका अनुभवी माणसाला विचारलं, अशा बाकीच्या समित्यांना किती लागली? तो म्हणाला, सात ते दहा वर्षं, आणि बऱ्याच तर मध्येच बंद पडल्या. हे ऐकूनही त्यांनी काम चालूच ठेवलं. लागली आठ वर्षं. तेव्हा विक्रेत्याला 'आमचं कधी होईल' विचारू नका. त्यानं आधी केलेल्या तीन फाउंड्रींची नावं घ्या आणि तिथल्या स्टोअरकीपरला चहा पाजा. मालक खरं सांगत नाही, त्याला आपण पैसे घातलेत हे पटवून घ्यायचं असतं.

गणिती चिकोडीकर

मालकाबद्दलच्या मुद्द्याला पुरावा आहे. बॅरी स्टॉ यांचा १९७६ चा प्रयोग. कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना कागदावरच्या कंपनीचा पैसा दोन विभागांपैकी एकाला द्यायला सांगितला. निकाल वाईट आला असं दाखवून पुन्हा पैसे वाटायला सांगितले. ज्यांनी पहिला निर्णय स्वतः घेतला होता त्यांनी त्याच बुडत्या विभागात जास्त पैसा ओतला. दुसऱ्याचा निर्णय ज्यांच्या गळ्यात आला होता ते सावध राहिले. म्हणून 'पुढचा हप्ता भरायचा की थांबायचं' हे पुतण्यानं ठरवू नये आणि तुम्हीही ठरवू नये. हिशेब बघणाऱ्या वहिनींना द्या तो अधिकार, लेखी.

वडगावकर

याला म्हणतात निकाल!

तिसरं रेल्वे गेट

एवढे परदेशी दाखले, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव कुणी काढलं नाही? १८८८ साली बेळगावातच सायकलचं दुकान काढलं होतं त्यांनी. पुढे लोखंडी नांगर केला तर लोखंडानं जमिनीत विष उतरतं म्हणून शेतकरी हात लावेनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली म्हणतात. नवं तंत्र कुणी सहज घेत नाही.

कवलारू

आणि ठळकवाडीतली जागा नगरपालिकेला हवी होती म्हणून त्यांना हलावं लागलं, १९१० ला औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे पण लिहा की. आपण नुसतं दुकान सांगतो.

निवृत्त मास्तर

नांगराचं उदाहरण चांगलं आहे, पण 'लोक नवं घेत नाहीत' एवढ्यावर थांबलं की सगळा दोष गिऱ्हाइकाच्या माथी जातो. आर्थिक इतिहास लिहिणारे पॉल डेव्हिड यांनी १९९० साली विजेच्या मोटरबद्दल लिहिलंय. एडिसनची वीजकेंद्रं १८८०च्या दशकात सुरू झाली, पण १८९९ सालीही अमेरिकन कारखान्यांतल्या यंत्रशक्तीत विजेच्या मोटरींचा वाटा पाच टक्क्यांहून कमी होता. पुढे मोटरी आल्या, तरी उत्पादकता लगेच वाढली नाही. कारण लोकांनी वाफेचं इंजिन काढून त्याच जागी एक मोठी मोटर बसवली आणि तोच जुना लाइनशाफ्ट (सगळ्या यंत्रांना पट्ट्यांनी फिरवणारा एकच लांब दांडा), तेच पट्टे चालू ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर देऊन, मालाच्या वाटेप्रमाणे यंत्रं मांडली तेव्हा, म्हणजे १९२०च्या दशकात, खरा फायदा दिसला.

तुमचं रजिस्टर हा तुमचा लाइनशाफ्ट आहे. ईआरपी तसाच त्यावर जोडू नका.

निपाणीकरीण

आता प्रोजेक्टचं सांगते, कारण आमचीच बाजू लंगडी आहे. आमच्याकडचे बहुतेक प्रोजेक्ट असे होतात: गूगल फॉर्म, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असे पाच गोल, वर्गमित्र आणि त्यांचे नातेवाईक मिळून शंभर उत्तरं, चार पाय-चार्ट, आणि शेवटी शिफारस की कंपनीनं प्रशिक्षण वाढवावं. मार्गदर्शकाला एकदम पंधरा-वीस प्रोजेक्ट तपासायचे असतात, तोही सही करतो. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचं मुख्यालय मच्छेत, १९९८ पासून. उद्यमबागेत एवढे कारखाने. तरी आमच्या वर्गात केस येते ती अमेरिकेतल्या विमान कंपनीची. अहमदाबादचं आयआयएम १९६१ साली हार्वर्डच्या मदतीनं उभं राहिलं, केस पद्धत तिथून देशभर पसरली. पद्धत उत्तम आहे. पण केस लिहायला कुणीतरी कारखान्यात जाऊन बसावं लागतं, आणि शिक्षकाला बढतीसाठी त्याचे गुण फारसे मिळत नाहीत. निबंधाचे मिळतात.

पुतण्याला जरूर घ्या, एका अटीवर. प्रश्नावली नाही. त्यानं दोन महिने नॉकआउटला (साचा फोडून माल काढतात तिथे) उभं राहून प्रत्येक बाद कास्टिंगचा फोटो काढायचा आणि कारण लिहायचं. अख्खा प्रोजेक्ट तेवढाच. मार्गदर्शकानं कुरकुर केली तर माझ्याशी बोलायला सांगा.

आणि दोन खरेद्यांची गाठ सोडवा. मोटोरोलानं सत्तरच्या दशकात रोडमॅप नावाची साधी रीत वापरात आणली. एका कागदावर वर बाजाराची मागणी, मध्ये माल, खाली तंत्र, आणि आडवा काळ. तुमच्या कागदावर हीट नंबरच्या मागणीला गिऱ्हाइकाची तारीख आहे. सिम्युलेशनला तारीख नाही. मग दोन्ही एका कर्जात कशाला?

पाटील ६५

सॉफ्टवेअर कुठल्या भाषेत असणार? आमच्या मशीन शॉपला इंग्रजी स्क्रीन, ऑपरेटर एक मराठी, एक कन्नड, दोन ओडिशाचे. चौघंही पहिलंच बटण दाबतात.

संपादक

भाषेवरून दुसरा वाद इथे सुरू करू नये, त्यासाठी तीन धागे आहेत. तांत्रिक मुद्दा चालेल.

शिरोलीकर

तांत्रिकच आहे तो. आम्ही नावं काढून टाकली आणि दोषांचे फोटो लावले. ब्लोहोल, सँड, कोल्ड शट, कोअर शिफ्ट, श्रिंकेज. टॅबवर फोटोला बोट लावायचं. वाचता येवो न येवो, मोल्डरला दोष आपल्यापेक्षा चांगला ओळखता येतो.

भट्टीवाला

सगळ्यांचे आभार. घरात बसून जे ठरलं ते लिहितो. ईआरपीचा निर्णय तूर्त थांबवला. गिऱ्हाइकाच्या तारखेपर्यंत हीट नंबर पाडायचे आणि साध्या एक्सेलवर ट्रेसेबिलिटी (कुठला माल कुठल्या हीटचा) दाखवायची, त्यांच्या क्वालिटीवाल्याशी बोललो, सध्या चालेल म्हणाला. सिम्युलेशन दोन पार्टचं बाहेरून. पुतण्या तोंड वाकडं करून का होईना, नॉकआउटला उभा राहणार आहे. आणि नोंद चालू असेपर्यंत मोल्डरचे बाद बॉक्सचे पैसे कापायचे नाहीत. यावर बाबांशी जोरदार झालं. ते म्हणतात, मग सगळे हवे तसे बॉक्स ठोकतील. वहिनी म्हणाल्या, कापलेले पैसे वर्षाला किती होतात ते मी काढलेत, एका बाद लॉटपेक्षा कमी आहेत. त्यावर बाबा गप्प.

गणिती चिकोडीकर

एक धोका. खरं लिहायला लागले की पहिल्या महिन्यात सँडचं रिजेक्शन कागदावर एकदम उसळेल. कुणीतरी म्हणणार, बघा, पैसे कापायचं बंद केलं आणि माल बिघडला. त्यासाठी एकूण बाद वजन वेगळं लिहा. ते वाढलं तर बाबा बरोबर. ते तेवढंच राहून नुसती कारणं बदलली तर मामा बरोबर.

सँडमिक्सर

आणि एक. फेटलिंग किलोवर आहे म्हणालासा. मग ती पोरं बाद माल पण घासून देणार, त्यांना वजनाचे पैसे. म्हणून मोजणी नॉकआउटला करा, फेटलिंगला गेल्यावर नको. तिथं गेलेला बाद पीस घासून इतका चकचकीत होतोय की पुतण्या फोटो काढून ओके म्हणेल.

भट्टीवाला

मामा, नॉकआउटला उजेड नाही आणि धूळ फार. फोटोत काही दिसेल का?

सँडमिक्सर

दोन एलईडी लावा, आणि माल थंड होऊ द्या मग काढा. गरम असताना भेग दिसत नाही. पोराला बूट घालून पाठवा, चपलेवर नको.